चौदा नंबरच्या कागदावरची लिफ्ट

लिफ्ट आहे की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. या एका प्रश्नापायी माणसाचं नाक सुजतं, स्वतःच्या सहीने स्वतःचीच अब्रू जाते, आणि सात अनोळखी माणसं त्याच्यावर कायमची नाराज होतात, असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता लोक मला काढतात. काढू देत. मी सांगतोय त्यातलं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. जिथे खरं नाही तिथे ते माझ्या आठवणीतलं आहे, म्हणजे खऱ्याहून पक्कं.

आमच्या घरापासून तीन मिनिटांवर जमिनीखालचं स्टेशन झालं आणि त्याच आठवड्यात आमची बस बंद झाली. स्टेशन तीन पातळ्यांचं. वर रस्ता, मधे तिकिटांचा हॉल, खाली फलाट. रस्त्यावरून हॉलपर्यंत छान उतार आहे. हॉलपासून फलाटापर्यंत मात्र एकशे सव्वीस पायऱ्या. सरकते जिने दोन, पण दोन्ही वरच जाणारे. खाली माणूस आपोआप जातो, असं अभियंत्यांचं म्हणणं. तत्त्वज्ञान म्हणून ते बरोबर आहे, गुडघ्यांना विचाराल तर नाही.

हॉलच्या भिंतीवर तीस फूट लांब चित्र आहे. रंगवलेलं नव्हे; नखाएवढे फरशीचे तुकडे एकाशेजारी एक बसवून केलेलं. चित्रात तेच स्टेशन. गाडी, घड्याळ, बाकं, जिना, आणि अगदी उजव्या टोकाला एक लिफ्ट. दार अर्धं उघडं, शेजारी पितळी रंगाचं बटण, वर पाटी: ‘भार – आठ व्यक्ती’. आत सात माणसं उभी. सरकारी चित्रातली माणसं एरवी उगाचच हसत असतात, तशी ही नव्हती. सगळ्यांच्या माना वर, दाराच्या माथ्यावरच्या आकड्याकडे, लिफ्टमधे आपण सगळे बघतो तशा.

आणि जमिनीवर पिवळ्या फरश्यांचा पट्टा. ज्यांना दिसत नाही त्यांनी पायाने चाचपत जावं म्हणून त्यावर उंच रेघा असतात, आणि थांबायचं असेल तिथे ठिपके. हा पट्टा तिकिटाच्या फाटकापासून निघून, जिन्याकडे ढुंकूनही न बघता, थेट त्या चित्रातल्या लिफ्टपाशी जातो. तिथे ठिपके. पुढे भिंत.

आता ताई. माझी थोरली बहीण, वय अडुसष्ट. चौथ्या वर्षी तापात डोळे गेले, साठीनंतर गुडघे. आमच्याकडेच राहते, म्हणजे तिच्या मते आम्ही तिच्याकडे राहतो. ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात ती चव्वेचाळीस वर्षं मुद्रितं तपासते, बोटांनी. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर तिला शेजारच्या खोलीतून कळतं. त्या महिन्यात मुलांच्या गणिताचं पुस्तक तिच्या टेबलावर होतं. छापखान्याचा नवा व्यवस्थापक तिच्या जागी तपासणीचं मशीन घ्यायला टपलेला. तो म्हणाला होता, “बाई, साडेनऊच्या पुढे तीनदा उशीर झाला, तर टेबल रिकामं करावं लागेल.” बस बंद झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोनदा उशीर झाला होता. तिसरा बाकी होता.

तीस वर्षं मी ताईला हाताला धरून बसपर्यंत नेत आलो. तिला ते कधीच आवडलं नाही, पण मला फार आवडायचं. गल्लीत लोक म्हणायचे, “भाऊ असावा तर असा.” हे वाक्य तिला ऐकू जाईल अशा बेताने मी हळू चालायचो.

स्टेशनातल्या पहिल्या दिवशी मी तिला फाटकापाशी उभं केलं, आणि लिफ्ट कुठे आहे ते बघायला गेलो. सगळा हॉल पालथा घातला. लिफ्ट नाही. पाणी पिण्याची जागा आहे, हरवलेल्या छत्र्यांची खिडकी आहे, लिफ्ट नाही. परत आलो तर ताई नाही! एकशे सव्वीस पायऱ्या उतरलो, त्यातल्या निम्म्या बहुधा बसून. खाली फलाटाच्या बाकावर ताई काठी मिटून निवांत बसलेली.

“किती वेळ रे!” ती म्हणाली. “लिफ्टनं यायचं ना.”

“कुठली लिफ्ट?”

“पट्ट्यानं सरळ गेले. ठिपके लागले, बटण लागलं, दाबलं. तू स्टेशनं बांधणाऱ्या हापिसात नोकरी केलीस ना? मग मला काय विचारतोस?”

हे तिने बोलायला नको होतं. त्याचं कारण मी पुढे सांगेन. इतक्यात सांगितलं तर तुम्ही माझ्या बाजूने राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी खांबाआड उभं राहून पाळत ठेवली. सकाळचे नऊ दहा. ताई पट्ट्यावरून टकटक करत गेली. ठिपक्यांवर थांबली. हात पुढे केला. नेमकी त्याच क्षणी मला शिंक आली. डोळे उघडतो तर भिंत. तिसऱ्या दिवशी शिंक दाबून धरली, तर कोणीतरी “काका, सरका” म्हणालं म्हणून मान वळली. तेवढंच पुरलं. चौथ्या दिवशी मात्र ताई गेल्यावर मी तिथेच थांबलो, आणि टाय लावलेला एक तरुण मोबाइलमधे तोंड खुपसून त्याच पट्ट्यावरून आला. मोबाइलवरची नजर न हलवता त्याने कोपराने बटण दाबलं, आणि चालत राहिला. भिंतीपर्यंत चालला. मग चालायचा राहिला, कारण तो नव्हताच. कुठे आवाज नाही, काही नाही. फक्त ओल्या सिमेंटचा वास आला, आणि भिंतीतून गार वारा, तळघराचं दार कोणी उघडून मिटावं तसा.

मी लगेच पुढे झालो आणि बटण दाबलं. फरशीचा तुकडा. हलेना. मग मनात आलं की त्याच्यासारखं चालतच जावं. गेलो. नाकाने भिंत गाठली.

स्टेशनच्या पहारेकऱ्याने वहीत नोंद केली. मला वाचूनही दाखवली, सज्जन माणूस: “सकाळी नऊ सतरा. एक वृद्ध गृहस्थ चित्राच्या लिफ्टमधे शिरताना आढळले. समज देऊन सोडले.” पुढच्या आठवड्यात त्या वहीत माझ्या चार नोंदी झाल्या. चौथीत नुसतं ‘तेच गृहस्थ’.

रात्री जेवताना ताईला विचारलं, “आत कोण असतं?”

“सात जणं.”

“बोलतात?”

“एक बाई म्हणते, ‘पुढे व्हा.’ रोज तेवढंच. बाकीचे नुसते उभे. श्वास ऐकू येतो, पण सगळ्यांचा एकाच वेळी.” तिने पाणी घेतलं. “गर्दीत असतो तसा घामाचा वास नाही हं. स्वच्छ माणसं आहेत.”

“खाली उतरतात कुठे?”

“ते नाही उतरत. मी उतरते.”

माझा घास हातातच राहिला. बायको म्हणाली, “अहो, वन्सं वेळेवर पोचतायत ना? मग तुमचं काय दुखतंय?”

काय दुखतंय ते मी सांगितलं नाही. नाक, असं म्हणालो.

इमारतीत बातमी पसरायला नाकाएवढं उघड कारण पुरतं. तळमजल्यावरचे वकील म्हणाले, “लेखी द्या. तोंडी विचारलं की प्रश्न तोंडातच मरतो.” दुसऱ्या मजल्यावरच्या होमिओपॅथनी माझी जीभ बघितली आणि लिफ्टबद्दल गोळ्या दिल्या. सेक्रेटरी म्हणाले, “ती लिफ्ट विजेशिवाय चालत असेल, तर आपल्या इमारतीला मिळेल का, विचारून बघा.” माझ्या बहिणीला रोज सकाळी एक भिंत गिळते आणि खाली ओकते, याचं कोणाला काही वाटेना. प्रत्येकाचं एकच, पोचते ना?

मी लेखी दिलं. तक्रार खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“लिफ्ट बंद आहे?”

“नाही. लिफ्ट नाहीच.”

“नसल्याचा रकाना नाही. बंद, मंद, घाण, आवाज, यातलं काय लिहू?”

“बाई, जी नाही ती बंद कशी असेल?”

“तेच म्हणते मी. मग तक्रार कसली?” त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. “हे बघा. दर आठवड्याला तपासणी झालीय. ‘दरवाजा सुरळीत. आवाज नाही. भार आठ व्यक्ती. प्रवासी समाधानी.’ साहेबांची सही.”

“साहेब स्वतः चढले होते का?”

“साहेबांना जिन्याचा त्रास आहे,” बाई म्हणाल्या. “लिफ्टनंच जात असतील.”

तरी मी अर्ज दिला. आठ दिवसांनी उत्तर आलं. ते मी आजही उशाखाली ठेवतो. “आपण निदर्शनास आणल्यानुसार सदर लिफ्ट अस्तित्वात नसल्यास ती तातडीने काढून टाकण्यात येईल. मूळ आराखड्यावर आपलीच आद्याक्षरे आढळल्याने, दुरुस्तीसाठी बुधवारी सकाळी नऊ वाजता उपस्थित राहावे.”

आता ते कारण सांगायला हवं.

मी त्या हापिसात नकाशे काढायचो. चौतीस वर्षं, शाई, पट्टी, पारदर्शक कागद. या स्टेशनचे एकतीस कागद माझ्या हातचे. लिफ्ट पहिल्यापासून होती. मग वरून हुकूम आला की लिफ्ट रद्द, तिच्या जागी भिंतीवर कलाकृती. प्रत्येक कागदावरून ती मी ब्लेडने खरवडायला घेतली. तेरापर्यंत आलो, तेवढ्यात माझ्या निवृत्तीचा चहा आला, आणि मागून भाषणं. भाषणांत सगळ्यांनी माझ्या अचूकपणाचं कौतुक केलं. परत टेबलाशी आलो तो डोळे भरून आलेले. पंधरापासून पुढे खरवडलं आणि घरी गेलो. चौदा नंबरचा कागद फरशीकामाचा होता. पट्टा त्यावर, लिफ्टही त्यावर.

मंगळवारी मी फरशीवाल्या मिस्त्रीला गाठलं. एका इस्पितळाच्या ओसरीत उकिडवा बसून तो फरश्या बसवत होता.

“ते चित्र ना? मीच केलं,” तो म्हणाला. “चित्रकाराच्या कागदावर लिफ्ट नव्हती. चौदा नंबरवर होती. मी साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले कागदावर असेल ते बसवायचं. बसवली.”

“चित्रात?”

“माझं काम फरशीचं, काका. लोखंडाचं असतं तर लोखंडात बसवली असती.” त्याने एक फरशी हलकेच ठोकून बघितली, पोकळ वाजली, ती काढून ठेवली. “आठ माणसांची लिहिली होती. सातच काढली. एकाची जागा ठेवली. जागा ठेवायला नको? कोणी येईल.”

“आणि ती सात माणसं कोण?”

त्याने दुसरी फरशी उचलली. “तेवढं नका विचारू,” म्हणाला. “मी सगळ्यांचे डोळे शेवटी बसवतो. त्यांचे बसवायचे म्हणून सकाळी गेलो, तर बसलेले होते.”

बुधवारी नऊ वाजता हापिसात गेलो. माझंच जुनं टेबल. त्यावर चौदा नंबर पसरलेला, शेजारी ब्लेड. समोर तरुण साहेब, घाईत. “खरवडा, सही करा. दुपारी माणसं जाऊन पट्टा उखडतील, भिंतीचा तो कोपरा फोडतील. आज आकडेवारी जुळायला हवी.”

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळत होतं तर हात कसा उचलला? सांगतो. मला वाटलं, लिफ्ट गेली की ताईला पुन्हा माझा हात लागेल. स्टेशनचं कोणीतरी वर येऊन तिला जिन्यावरून उचलून नेईल, मी काठी धरीन, लोक म्हणतील भाऊ असावा तर असा. इतकं क्षुद्र कारण होतं. मी ब्लेड घेतलं आणि पहिल्यांदा बटणाचं वर्तुळ खरवडलं. हात अजून सराईत होता. वर्तुळ गेलं. मग दाराची एक रेघ काढली.

घड्याळात नऊ अकरा झाले आणि खिशातला फोन वाजला.

“अरे,” ताईचा आवाज, अगदी जवळून आणि अगदी खोलवरून. “लिफ्ट मधेच थांबलीय. बटण हाताला लागत नाहीये. दाराची फट होती, तीही लागत नाही. सगळीकडे भिंतच आहे.”

“ताई, घाबरू नकोस.”

“मी नाही घाबरले. हे घाबरलेत.” तिच्यामागे श्वास ऐकू येत होता. सात जणांचा, एकाच वेळी आत, एकाच वेळी बाहेर, आणि दर खेपेला आधीपेक्षा जोरात. मग एक बाई म्हणाली, “पुढे व्हा.” ताई म्हणाली, “कुठे होऊ बाई, पुढे काही नाही.” आणि मला म्हणाली, “नऊ सतराची गाडी गेली तर तिसरा उशीर होईल रे. गणित अर्धं राहिलंय. पोरांना चुकीची उत्तरं जातील.”

ती भिंतीत होती आणि तिला काळजी गणिताची! फोन खांद्याशी धरून मी शाईचं पेन ओढलं. चौतीस वर्षांत इतकं वाकडं वर्तुळ मी काढलं नव्हतं. दाराची रेघ ओढली, पट्टी न लावता. साहेब ओरडले, “अहो, काय करताय? काढायचीय ती!” फोनमधे खट्‌ झालं, एक लांब सुस्कारा आला, सगळ्यांचा मिळून, आणि फोन बंद पडला.

नऊ अठराला पुन्हा वाजला. “मिळाली गाडी,” ताई म्हणाली. “बटण आज जरा चपटं लागलं.”

साहेबांनी हाताची घडी घातली. “हे बघा, दोन्ही खरं असू शकत नाही. लिफ्ट नाही तर ती काढा. लिफ्ट आहे तर तुमची तक्रार खोटी. तसं लिहून द्या.”

मी लिहून दिलं. “अर्जदाराची दृष्टी वयोमानाने क्षीण झाली असून त्याला समोरची लिफ्ट दिसत नाही. आराखडा अचूक आहे.” ज्या हापिसात माझ्या नजरेची शपथ खायचे, तिथे खाली सही केली. ती मात्र सरळ आली.

पण सरकारी कागदाला शेपूट असतंच. दृष्टी क्षीण असल्याचा दाखला हवा! दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्टेशनशेजारच्या सरकारी डॉक्टरांकडे. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले. जग दुधात बुडालं. काळा चष्मा लावून, भिंती चाचपत मी स्टेशनच्या हॉलमधे आलो, आणि ओळखीची टकटक जवळ आली.

“कोण, तू?” ताई म्हणाली. “असा काय पाय ओढतोयस?”

“दिसत नाहीये ग.”

ती खुदकन हसली. “मग धर,” म्हणाली आणि कोपर पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला नेलं. पायाखाली रेघा लागल्या. मग ठिपके. तिने हात उचलला, कुठेतरी खट्‌ झालं, आणि चेहऱ्यावर गार वारा आला.

आम्ही आत गेलो. दुधाळ उजेडात सात आकृत्या. माना वर. मी डोळे बारीक करून शेजारच्या गृहस्थांकडे बघितलं. चेहरा होता, नाक होतं, दाढीही होती. फक्त सगळीकडून बारीक बारीक रेघा गेलेल्या, उभ्या आणि आडव्या, नखाएवढ्या अंतरावर. त्यांनी पापणी मिटली. दगडावर दगड घासल्यासारखा आवाज झाला. “पुढे व्हा,” बाई म्हणाली.

मी पुढे झालो. आणि घंटा वाजायला लागली.

भार आठ व्यक्ती. ताई आठवी. मी नववा.

दार मिटेना. घंटा थांबेना. आणि मग त्या सात माना, ज्या इतके दिवस वर बघत होत्या, एकेक करत खाली आल्या आणि माझ्याकडे वळल्या. दगड घासल्याचा तो आवाज सात वेळा झाला. 

“अरे, उतर ना!” ताई कुजबुजली. “शेवटी चढलेल्यानं उतरायचं असतं, एवढं कळत नाही? लोकांचा खोळंबा होतोय.”

“तू... नीट जाशील ना?”

“रोज जाते.”

मी उतरलो. पाठीमागे दार मिटलं, आणि हात मागे नेला तर भिंत. गुळगुळीत, थंड, तुकड्यातुकड्यांची. पहारेकऱ्याने वही काढली, माझ्याकडे बघितलं, आणि न लिहिताच मिटली. ती वही त्याने त्यानंतर माझ्यासाठी कधीच उघडली नाही.

ताईला तिसरा उशीर झाला नाही. गणिताचं पुस्तक निघालं. पोरांची उत्तरं बरोबर येतात, असं शाळेचं पत्र आलं. मशीन आलं नाही. ताईला घरी आणायला मी रोज स्टेशनवर जातो. म्हणजे ती मला घेऊन येते.

चित्र मात्र बदललंय. हवं तर जाऊन बघा. त्या लिफ्टमधली सात माणसं आता आकड्याकडे बघत नाहीत. ती बाहेर बघतात, मी उभा असतो नेमकं तिथे. ज्याच्यामुळे लिफ्ट खोळंबली त्याच्याकडे माणसं बघतात तसं. मी चुकूनही नजर देत नाही. मान खाली घालतो, सगळी चूक माझीच असल्यासारखा, आणि जिन्याकडे वळतो. एकशे सव्वीस पायऱ्या आहेत. प्रत्येकीवर मी मनातल्या मनात म्हणतो, चूक माझीच होती.